कुठल्याही ठिकाणाचं हवामान कोणत्या प्रकारात बसतं, ते आकड्यांवरून कसं ओळखायचं

शाळेत आपण विषुववृत्तीय, मान्सून, वाळवंटी, भूमध्य सागरी, टुंड्रा अशी नावं पाठ करतो, पण एखादं शहर समोर ठेवून विचारलं की हे यातल्या कशात बसतं, तर गडबडतो. खरं तर त्यासाठी फक्त २४ आकडे लागतात, बारा महिन्यांचं सरासरी तापमान आणि बारा महिन्यांचा पाऊस. फक्त ते एका वर्षाचे नकोत, ३० वर्षांच्या सरासरीचे घ्या (१९९१ ते २०२० ची मिळते), कारण एका वर्षाचा पाऊस ही हवा झाली, हवामान नाही.

पद्धत व्लादिमिर कोपेनची. माणूस मुळात वनस्पतीशास्त्र शिकलेला, त्यामुळे कुठे काय उगवतं हे बघून त्याने सीमा आखल्या, आणि मला ही पद्धत आवडते ती त्यामुळेच. पाच गट आहेत, ए ते ई, पण तपासताना अक्षरांच्या क्रमाने जाऊ नका.

आधी ई बघा. सगळ्यात गरम महिनासुद्धा १० अंशांच्या खाली असेल तर ते ध्रुवीय, तिथे झाडं नीट वाढत नाहीत. हाच महिना शून्याच्या वर असेल तर टुंड्रा, खाली असेल तर कायमचा बर्फ.

मग बी, म्हणजे कोरडं, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, कारण लोक नुसता पाऊस बघतात. गरम जागी पाणी पटकन उडून जातं म्हणून तापमानही धरावं लागतं. वर्षाच्या सरासरी तापमानाला २० ने गुणा, ७० टक्के किंवा जास्त पाऊस उन्हाळी सहामाहीत पडत असेल तर २८० मिळवा, तेवढाच हिवाळी सहामाहीत असेल तर काहीच नाही, यातलं कुठलंच नसेल तर १४०. वर्षाचा पाऊस (मिलिमीटरमध्ये) या उत्तरापेक्षा कमी असेल तर बी, निम्म्यापेक्षाही कमी असेल तर सरळ वाळवंट.

करून बघू. लंडनला वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस, सरासरी ११ अंश, म्हणजे २२० अधिक १४०, झाले ३६०, पाऊस त्याच्या बराच वर, सुटलं. नायजरच्या निआमेला साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे फार फरक नाही, पण सरासरी २९ अंश आणि पाऊस जवळपास सगळा उन्हाळी सहामाहीत, उत्तर येतं ८६०. पाऊस त्याच्या खाली पण निम्म्याच्या, म्हणजे ४३० च्या वर, म्हणून वाळवंट नाही, निमकोरडं. मला हे गणित पहिल्यांदा सुटलं तेव्हा फार भारी वाटलं होतं.

सहामाही उत्तर गोलार्धात एप्रिल ते सप्टेंबर उन्हाळी धरायची, दक्षिणेत उलटी, हे विसरलात तर केपटाऊन आणि पर्थ हमखास चुकतात.

बीमध्ये नाही बसलं तर सगळ्यात थंड महिना बघा. १८ किंवा वर असेल तर ए, उष्ण कटिबंधीय. त्यात प्रत्येक महिन्यात किमान ६० मिलिमीटर पाऊस असेल तर वर्षावन, सिंगापूरसारखं, नाहीतर मान्सून किंवा सॅव्हाना (गवताळ प्रदेश). नकाशा बघून अंदाज मात्र करू नका. इक्वेडोरची राजधानी क्विटो विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून आहे पण २,८०० मीटर उंचावर, वर्षभर १४-१५ अंश, म्हणून ते ए नाहीच, सी म्हणजे समशीतोष्ण आहे. पेरूची राजधानी लिमा समुद्राकाठी, हवेत धुकं आणि दमटपणा, तरी हम्बोल्ट या समुद्राच्या थंड प्रवाहामुळे पाऊस जवळजवळ नाही, म्हणून वाळवंट.

राहिले सी आणि डी. थंड महिना शून्याच्या वर तर सी, खाली तर डी, म्हणजे कडक हिवाळ्याचं. सीमध्ये उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात असेल तर भूमध्य सागरी. डीचं टोक बघायचं तर सायबेरियातलं व्हर्खोयान्स्क, जानेवारीची सरासरी उणे ४५ च्या आसपास आणि जुलै अधिक १६.

आणि हो, काही नकाशे सी-डीची रेघ शून्यावर न ओढता उणे ३ वर ओढतात. दक्षिण कोरियाची राजधानी सोलचा जानेवारी उणे २ च्या आसपास, त्यामुळे ते एका नकाशात डी दिसतं आणि दुसऱ्यात सी, तेव्हा दोन नकाशे जुळले नाहीत तर आधी ती रेघ कुठे आहे ते बघा.