संकरित पाणबेडकांचं शास्त्रीय नाव नीट कसं लिहायचं

युरोपातल्या हिरव्या पाणबेडकांची नोंद करायला बसलात की सगळ्यात आधी हे ठरवा की समोरचा बेडूक प्रजाती आहे की संकर, कारण एकाच तळ्यात दोन्ही असतात, दिसायला एकमेकांत मिसळून गेलेले, आणि ज्याला इंग्रजीत एडिबल फ्रॉग म्हणतात तो पेलोफिलॅक्स एस्क्युलेंटस तर मुळात वेगळी प्रजातीच नाहीये. तो पेलोफिलॅक्स लेसोनी (लहान, तळ्यातला) आणि पेलोफिलॅक्स रिडिबंडस (मोठा, दलदलीतला) या दोघांचा संकर आहे. हे पोलंडच्या लेशेक बर्गर यांनी 1960च्या दशकात प्रत्यक्ष क्रॉस करून दाखवलं, तोपर्यंत लोक एस्क्युलेंटसला अगदी साधी सरळ प्रजाती समजत होते.

आता संकर आहे तर नाव कशाला द्यायचं, नुसतं गुणाकाराचं चिन्ह टाकून दोन्ही पालकांची नावं लिहून मोकळं व्हावं, असं वाटतं. पण हा संकर खेचरासारखा एका पिढीत संपत नाही. ज्या तळ्यांत तो लेसोनीबरोबर राहतो तिथे बहुतेक वेळा असं होतं की अंडी किंवा शुक्रपेशी बनायच्या आधीच तो आपल्यातला लेसोनीचा जीनोम (जनुकांचा पूर्ण संच) टाकून देतो, रिडिबंडसच्या जीनोमची कॉपी करतो आणि फक्त तोच जसाच्या तसा पुढे पाठवतो, मग लेसोनीशी जोडी जमली की पिल्लं परत संकरितच. म्हणजे अर्धा जीनोम क्लोनसारखा पिढ्यानपिढ्या चालत राहतो आणि अर्धा दर पिढीत नव्याने उसना घेतला जातो. याला हायब्रिडोजेनेसिस म्हणतात. दोन संकरितांचीच जोडी जमली तर पिल्लांत रिडिबंडसचे दोन जीनोम येतात आणि त्यातली बहुतेक बेडूक व्हायच्या आधीच मरतात, कारण जनुकांची अदलाबदल न झालेल्या त्या क्लोन जीनोममध्ये घातक बदल साठत गेलेले असतात. आपला वंश चालवायला दुसरी प्रजाती लागणारा असा हा प्राणी आहे, म्हणून त्याला प्रजातीचं नाव जसंच्या तसं लावणं पण बरोबर नाही आणि बिननावाचा ठेवणं तर अजिबातच नाही.

यावर अलँ द्युब्वा आणि रायनर ग्युंटर यांनी 1982 साली अशा दुसऱ्या प्रजातीवर अवलंबून असणाऱ्या संकरांसाठी क्लेप्टॉन ही कॅटेगरी सुचवली. लिहायची पद्धत सोपी आहे. आधी जीनसचं (प्रजातीच्या वरच्या गटाचं, इथे पेलोफिलॅक्स) नाव, मग के आणि एल ही दोन छोटी रोमन अक्षरं आणि टिंब, मग एस्क्युलेंटस. जीनस आणि शेवटचं नाव इटॅलिकमध्ये, मधलं केएल मात्र सरळ अक्षरात. कारण ते नावाचा भाग नाही, नावाला लावलेली खूण आहे. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय कोडमध्ये क्लेप्टॉन नावाची रँक नाहीच, पण नावाच्या मध्ये टाकलेली सीएफ (म्हणजे 'याच्याशी ताडून बघा') वगैरे खूण नावात धरायची नाही असं कोडच्या कलम 5.3 मध्ये आहे, त्यामुळे केएल टाकलं म्हणून नाव बेकायदा ठरत नाही. काही जण केएल न टाकता सरळ पेलोफिलॅक्स एस्क्युलेंटस लिहितात, तेही चालतं, पण माझं स्पष्ट मत आहे की टाकावंच, दोन अक्षरांत वाचणाऱ्याला कळतं की हा प्राणी दुसऱ्यावर अवलंबून आहे आणि याची आकडेवारी प्रजातीसारखी वाचायची नाही.

आणि कोडचं अजून एक कलम नीट वाचा, कारण खरी गंमत तिथे आहे. कलम 1.3.3 म्हणतं की नुसत्या संकरित नमुन्याला संकर म्हणून दिलेलं नाव कोडमध्ये धरलं जात नाही. मग एस्क्युलेंटस कसं टिकलं? तर कलम 17.2 मुळे, एखादा टॅक्सन (वर्गीकरणातला गट) संकरातून आलाय असं नंतर कळलं तरी त्याच्या नावाची उपलब्धता, म्हणजे कोडमध्ये धरलं जाण्याची पात्रता, जात नाही. पण मग दुसराच प्रश्न उभा राहतो, लिनिअसने राना एस्क्युलेंटा हे नाव 1758 मध्ये दिलं, पल्लासने रिडिबंडा 1771 मध्ये आणि कामेरानोने लेसोनी तर 1882 मध्ये. जुनं नाव आधी हा नियम डोळे मिटून लावला असता तर एस्क्युलेंटस हे नाव एखाद्या पालक प्रजातीवर जाऊन बसलं असतं आणि सगळा गोंधळ झाला असता. तो कलम 23.8 ने अडवलाय, संकराला दिलेलं नाव कितीही जुनं असलं तरी ते पालक प्रजातीचं वैध नाव म्हणून वापरायचं नाही. म्हणून "सगळ्यात जुनं नाव तेच खरं" म्हणत कोणी लेसोनीचं नाव बदलायला निघालं तर हे कलम दाखवा.

शेवटच्या अक्षरांकडे पण लक्ष द्या. हे बेडूक आधी राना या जीनसमध्ये होते, ते स्त्रीलिंगी, म्हणून एस्क्युलेंटा आणि रिडिबंडा. 2006 च्या मोठ्या वर्गीकरणानंतर पेलोफिलॅक्स नाव रुळलं, ते पुल्लिंगी, म्हणून एस्क्युलेंटस आणि रिडिबंडस. लेसोनी मात्र बदलत नाही, कारण ते मिकेले लेसोना यांच्या नावावरून आलंय, षष्ठीचं रूप आहे. पेलोफिलॅक्स एस्क्युलेंटा असं अर्धं जुनं अर्धं नवं लिहिलेलं अजूनही दिसतं, ते टाळा. जीनस बदलल्यामुळे लेखक आणि साल कंसात जातं, (लिनिअस, 1758) असं, मधे स्वल्पविराम.

पालक दाखवायचे असतील तर पेलोफिलॅक्स लेसोनी × पेलोफिलॅक्स रिडिबंडस असा फॉर्म्युला लिहा, आई कोण हे माहीत असेल तर मादी आणि नराची चिन्हं लावा, माहीत नसेल तर अक्षरक्रम पाळा. वनस्पतींच्या नावात × हे चिन्ह नावाच्या आतच टाकतात, तो नियम इथे आणू नका, प्राण्यांच्या कोडला तो लागू नाही. आणि सगळे संकर म्हणजे एस्क्युलेंटस नव्हे! नैऋत्य युरोपात पेलोफिलॅक्स पेरेझी आणि रिडिबंडसचा संकर आहे, त्याला केएल ग्राफी म्हणतात, इटलीत पेलोफिलॅक्स बर्गेरी आणि रिडिबंडसचा आहे तो केएल हिस्पॅनिकस. नाव लिहायच्या आधी कोणत्या भागात उभे आहात ते बघा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

मग बेडूक हातात आल्यावर काय बघायचं. मागच्या पायाच्या पहिल्या बोटाच्या बुडाशी एक कडक गाठ असते, लेसोनीत ती मोठी, उंच, अर्धगोल, रिडिबंडसमध्ये छोटी आणि चपटी, एस्क्युलेंटसमध्ये मधली. नर ओरडत असेल तर गालाच्या फुग्यांचा रंग बघा, लेसोनीचे पांढरे, रिडिबंडसचे गडद करडे, संकराचे मधल्या छटेचे. पाय पण बघा, रिडिबंडसची पोटरी लांब, लेसोनीची आखूड. पण हे सगळं मिळूनही फक्त अंदाजच होतो, कारण संकरांत तीन जीनोमवाले पण असतात, दोन लेसोनीचे आणि एक रिडिबंडसचा किंवा उलट, आणि ते ज्याचे दोन त्याच्याकडे झुकलेले दिसतात. डेन्मार्क, दक्षिण स्वीडन, उत्तर जर्मनी इथे तर अशी तळी आहेत जिथे पालक प्रजाती जवळपास नाहीतच, सगळेच संकर, आणि तीन जीनोमवाल्यांच्या जोरावर ते टिकलेत. म्हणून जीनोम तपासला असेल तर नावापुढे तो लिहाच, एलआर, एलएलआर, एलआरआर असा, एल म्हणजे लेसोनी, आर म्हणजे रिडिबंडस. तपासला नसेल तर लिहू नका.

डीएनए बारकोडवर (प्रजाती ओळखायला वाचतात तो डीएनएचा छोटा तुकडा) एकट्यावर नाव ठेवू नका ही माझी कळकळीची विनंती. बारकोड मायटोकाँड्रियाचा (पेशीतला ऊर्जा बनवणारा भाग, त्याचा डीएनए वेगळा असतो) असतो, तो फक्त आईकडून येतो, त्यामुळे संकराला तो लेसोनी म्हणून दाखवू शकतो, आणि मध्य युरोपातल्या काही रिडिबंडसमध्ये पण लेसोनीचाच मायटोकाँड्रिया सापडतो. केंद्रकातल्या डीएनएचे मार्कर (ओळखखुणा) लागतात, मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले परत परत येणारे छोटे तुकडे) वगैरे, ते नसतील तर नाव पक्कं झालं असं समजू नका.

मग खात्री नसेल तेव्हा काय लिहायचं? लेसोनीसारखा वाटतोय पण नक्की नाही तर पेलोफिलॅक्स सीएफ लेसोनी, काहीच कळत नसेल, फक्त दुरून आवाज ऐकलाय किंवा फोटो आहे, तर पेलोफिलॅक्स एस्क्युलेंटस कॉम्प्लेक्स, म्हणजे संकर आणि त्याचे दोन्ही पालक यांचा एकत्र गट. यात कमीपणा काहीच नाही, उलट अशी नोंद पुढच्या माणसाला वापरता येते, आणि चुकीची पक्की नोंद नकाशात एकदा बसली की काढता काढता नाकी नऊ येतात. जुन्या लेबलांचं पण तसंच, 1960च्या आधी राना एस्क्युलेंटा लिहिलेलं असेल तर त्यात तिघांपैकी कोणीही असू शकतो, म्हणून डेटाबेसमध्ये भरताना मूळ नाव एका रकान्यात जसंच्या तसं ठेवा, दुसऱ्या रकान्यात एस्क्युलेंटस कॉम्प्लेक्स लिहा, आणि नमुना बाटलीत शिल्लक असेल तर पायाची गाठ बघून मगच पुढचं नाव टाका.