माकडतापाच्या हंगामात काजूच्या बागेत जाताना: गोचीड कशी टाळावी, अंगावरून कशी काढावी

माकडताप हा गोचिडीच्या चाव्यातून होणारा विषाणूजन्य ताप. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीला आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात त्याची साथ आली. नाव माकडाचे असले तरी विषाणू टिकून राहतो तो गोचिडींत आणि रानउंदीर, चिचुंद्री अशा लहान प्राण्यांत. वानर-माकडे त्याने आजारी पडतात, मरतात. मग त्यांच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि तेवढी जागा फार धोक्याची होते.

चावते ती बहुधा अर्धवट वाढलेली, तिळाएवढी गोचीड. नोव्हेंबर ते मे हा तिचा काळ, आणि काजूचा हंगामही त्यातच येतो.

१. आधी चौकशी करा. बागेत किंवा लगतच्या रानात माकड मेले असेल तर तिकडे फिरकू नका, मेलेल्या माकडाला हात लावू नका. प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि वनविभागाला लगेच कळवा.

२. फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. काळी गोचीड त्यावर चटकन दिसते. पँटचे टोक मोज्यात खोचा. आरोग्य केंद्रातून गोचीडरोधक तेल मिळत असेल तर हातापायांना, मानेला लावा. घामाने जाते, म्हणून पुन्हा लावा.

३. पातेऱ्यावर, म्हणजे झाडाखालच्या वाळक्या पाचोळ्यावर, बसू नका. सगळ्यात जास्त चुकते ते इथेच. झाडाखाली बसून बोंडूपासून (काजूच्या फळापासून) बी वेगळी करत राहिले की गोचिडींना अंगावर चढायला भरपूर वेळ मिळतो. बोंडू टोपलीत भरून झाडलेल्या मोकळ्या खळ्यावर आणा आणि तिथे बी काढा. बागेतला पातेरा गोठ्यातही आणू नका.

४. घरी आल्यावर कपडे थेट कडकडीत पाण्यात टाका, साबण लावून आंघोळ करा. गुडघ्यामागे, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, काखेत, कानामागे, केसांत नीट पाहा. मुलांचे अंग मोठ्यांनी तपासावे.

५. गोचीड चिकटली असेल तर बारीक टोकाच्या चिमट्याने अगदी कातडीलगत धरा आणि न पिळता, एकसारख्या जोराने सरळ वर ओढा. रॉकेल, तंबाखू, पेटती काडी यांपैकी काहीही वापरू नका. गोचीड चिडून आपली लाळ जखमेत सोडू शकते. नखांनी चिरडूही नका. काढलेली गोचीड चिकटपट्टीत बंद करा, जागा साबणाने धुवा, तारीख लिहून ठेवा.

६. चाव्यानंतर साधारण ३ ते ८ दिवसांत एकाएकी थंडी वाजून ताप, कपाळ ठणकणे, अंग मोडून येणे सुरू होते; काहींच्या हिरड्यांतून, नाकातून रक्त येते. काही जणांना बरे वाटल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी ताप उलटतो, तेव्हा ताप उतरला म्हणून लगेच कामाला लागू नका. डॉक्टरांना रानात गेल्याचे आणि गोचीड चावल्याचे आपणहून सांगा, कारण उंदरांशी संबंधित लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस हे जिवाणूजन्य तापही असेच सुरू होतात. त्यांवर डॉक्सिसायक्लिन चालते, माकडतापावर नाही. तापाला पॅरासिटामॉल घ्या. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको, त्याने रक्तस्राव वाढतो.

माकडताप झालेल्यांपैकी साधारण ३ ते ५ टक्के रुग्ण दगावतात. मात्र तो माणसाकडून माणसाला होत नाही, म्हणून रुग्णाला घरात वेगळे टाकू नका. रानात चरणाऱ्या गुरांवर मोठ्या गोचिडी पोसतात आणि पुढे अंडी घालतात, तेव्हा पशुवैद्यकाला विचारून गुरांनाही औषध लावा.