बाविसाव्या दिवसाचा फोन

"दादा, तुमची कोंबडीची बारा पिल्लं निघाली. कधी येताय न्यायला?"

"येत्या रविवारी नक्की, ताई."

मी घरच्या कोंबड्यांची अंडी आणि पिल्लं विकते, हे दादा माझं गिऱ्हाईक. त्या रविवारी त्यांच्याकडे पाहुणे आले. पुढच्या रविवारी गाडी बिघडली. तिसऱ्या रविवारी ते आले, खोक्यात डोकावले आणि म्हणाले, "एवढी मोठी कशी झाली? मुलांना ती कापसाच्या बोळ्यासारखी हवी होती." तीन आठवड्यांच्या पिल्लाला पंखांवर पिसं फुटलेली असतात, मानेवर अजून लव आणि मधेमधे उघडी कातडी. त्या वयात ते कुणालाच गोंडस वाटत नाही. दादा रिकाम्या हाताने परत गेले. तीन आठवड्यांचं खाद्य, ऊब देणाऱ्या दिव्याची वीज आणि दिवसातून दोनदा बदललेलं पाणी, सगळं माझ्या अंगावर.

तेव्हापासून अर्धे पैसे हातात पडल्याशिवाय कुणाचं नाव वहीत चढत नाही. पिल्लं निघाल्यावर तीन दिवसांत नेली नाहीत, तर चौथ्या दिवसापासून खाण्याराहण्याचे पैसे वेगळे. ओळखीच्या माणसाकडे आगाऊ पैसे मागायला जीभ रेटत नाही, हे मला माहीत आहे. पण माझे सगळ्यात जास्त पैसे बुडाले ते ओळखीच्यांकडेच.

आता अंड्यांकडे वळते, कारण नवीन माणूस सुरुवात तिथूनच करतो. माझ्याकडे वीस कोंबड्या होत्या. तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, पहिल्यांदा अंड्यावर आल्या तेव्हा दिवसाला पंधरा-सोळा अंडी मिळायची. घरात ठेवायला जागा उरेना, म्हणून मी भेटेल त्याला "रोज देईन" असं सांगून बसले. अशी सात घरं रोजची गिऱ्हाइकं झाली. दुसऱ्या वर्षी दिवस लहान व्हायला लागले आणि कोंबड्यांनी पिसं टाकायला सुरुवात केली. कोंबडीला नीट अंडी द्यायला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. उजेड कमी झाला आणि त्यात पिसं झडायला लागली, की ती अंगातली ताकद पिसांवर खर्च करते. त्यावर दोन कोंबड्या खुडूक होऊन, म्हणजे अंडी बंद करून उबवायच्या ओढीने, खोपटात ठाण मांडून बसल्या. सोळाची चार झाली. सात घरांना चार अंडी कशी वाटायची? मी रोज कुणाला तरी "आज नाहीत" सांगत होते आणि एकेक घर तुटत होतं. दोन महिन्यांनी अंडी पुन्हा सुरू झाली, पण तोवर त्या घरांना दुसरीकडची सवय लागली होती.

खाणं मात्र थांबत नाही. एक कोंबडी दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाते. म्हणजे विसांना सव्वादोन किलोच्या आसपास, अंडं देवो न देवो. भाव ठरवताना भरात असलेल्या महिन्यांचा हिशेब धरू नका, पूर्ण वर्षाची अंडी आणि पूर्ण वर्षाचं खाद्य धरा. मी तसं केलं तेव्हा समजलं की पहिलं वर्षभर मी लोकांना पदरचे पैसे घालून अंडी खाऊ घालत होते. आणि गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशीच सांगून टाका की वर्षातले दोन-तीन महिने तुटवडा असतो. ऐकून जे जातात त्यांना जाऊ द्या.

लोकांच्या शंका हा वेगळाच धडा. कवच तपकिरी असेल तर जास्त पौष्टिक का? रंग जातीवर असतो, पौष्टिकतेशी त्याचा संबंध नाही. बलक फिका का? खाण्यात हिरवा पाला किंवा पिवळा मका कमी पडला असेल. अंडं फोडल्यावर रक्ताचा ठिपका दिसला तर माणूस थेट म्हणतो, "यात पिल्लू होतं." बलक तयार होताना एखादी बारीक शिर फुटली की तो ठिपका पडतो, पिल्लाशी त्याचं देणंघेणं नाही. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देतेच, हेही कित्येकांना पटवून द्यावं लागलं. सुरुवातीला मी चिडायचे. आता शांतपणे एक अंडं बदलून देते. वाद घालण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

उबवणीची अंडी विकण्यात सगळ्यात जास्त मनस्ताप होतो. अंडी माझ्या हातातून गेली, की पुढचे एकवीस दिवस मी काहीच करू शकत नाही. पिल्लं निघाली नाहीत की दोष मात्र माझा. एक बाई तावातावाने फोनवर म्हणाल्या, "बारातलं एकही फुटलं नाही, सगळी फसवणूक आहे." मी विचारलं, अंडी नेल्यावर कुठे ठेवली होती? "फ्रिजमध्ये. खराब होऊ नयेत म्हणून." काय बोलणार? आता अंड्यांबरोबर हाताने लिहिलेली चिठ्ठी देते: थंड खोलीत ठेवा, फ्रिजमध्ये नको, निमुळतं टोक खाली, प्रवास करून आली असतील तर उबवणी यंत्रात घालण्याआधी एक दिवस स्थिर ठेवा, आठवड्याच्या आत उबवायला घाला. शिवाय प्रत्येक खेपेला त्याच कळपातली सहा अंडी मी घरच्या यंत्रात घालते. सातव्या रात्री अंधारात मोबाईलचा दिवा लावून बघितलं, की फलित अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसतात. माझी सहातली पाच जिवंत असतील तर त्याचा फोटो दाखवून बोलता येतं. मात्र पिल्लं निघण्याची हमी मी देत नाही, आणि हे पैसे घेण्याआधीच सांगते.

पिल्लं विकायची तर आधी माझ्या वहीतलं हे पान बघा. तीस अंडी यंत्रात घातली. पाच कोरी, म्हणजे फलित न झालेली निघाली, तीन मधेच मेली, दोन कवचातच अडकली. वीस पिल्लं. त्यांतले अकरा नर. आलेल्या प्रत्येकाला फक्त माद्या हव्या होत्या! एका दिवसाच्या पिल्लात नर-मादी ओळखणं हे तरबेज माणसाचं काम. काही ठरावीक संकरांत पंखांवरून किंवा रंगावरून कळतं, बाकी आपण सगळे अंदाज बांधतो. मी एकदा छातीठोकपणे "माद्याच आहेत" म्हणून चार दिल्या. चार महिन्यांनी त्यातल्या दोघांनी पहाटे बांग दिली. तेव्हापासून सरसकटच विकते, आणि नर परत घेणार की नाही हे आधी बोलून ठेवते.

त्या अकरांचं काय केलं ते सांगत बसत नाही. ज्याला कापणं जमत नाही आणि देऊन टाकायला जागा नाही, त्याने यंत्र विकत घेऊच नये, असं माझं मत आहे.

लस टोचली आहे का, असंही विचारतात. मरेक्स या कोंबड्यांच्या आजारावरची लस पहिल्याच दिवशी द्यायची असते, पण तिची कुपी बहुधा हजार मात्रांची, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. वीस पिल्लांसाठी ती कुणी फोडावी? मी सरळ सांगते, दिलेली नाही. आणि गिऱ्हाइकाला खुराड्यात नेत नाही, पिल्लं दाराशी आणून दाखवते. दुसऱ्याच्या खुराड्यातून रोग घेऊन आलेल्या चपला माझ्या कोंबड्यांत नकोत. यावर एक-दोघं रुसले.

यंत्रात सध्या चोवीस अंडी आहेत, आज आठवा दिवस. काल रात्री बघितली, तीन कोरी निघाली. वहीत दोनच नावं आहेत, दोघांचेही अर्धे पैसे आले. दादांचा परवा पुन्हा फोन आला होता, दहा पिल्लं हवीत म्हणून. आगाऊ पैशांचं म्हटल्यावर "घरी विचारून सांगतो" म्हणाले.