हिब्रू शब्दाचं मूळ कसं शोधावं

हिब्रू आणि अरामी (पश्चिम आशियातली प्राचीन भाषा) या बहिणी-बहिणी. दोन्हींत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात, म्हणून आधी स्वर बाजूला ठेवा.

'मिख्ताव' म्हणजे पत्र. सुरुवातीचा 'म' नाम घडवणारा उपसर्ग आहे. तो काढला की काफ-ताव-बेत (क-त-ब) ही अक्षरं उरतात, अर्थ 'लिहिणे'. ख आणि व पाहून गोंधळू नका: काफ हे अक्षर क किंवा ख, बेत हे ब किंवा व असं उच्चारलं जातं. याच धातूतून 'क्तोवेत' (पत्ता) आणि 'केतुबा' (विवाहकरार) आले. बेने इस्राएल (महाराष्ट्रातले ज्यू) लग्नात वाचल्या जाणाऱ्या केतुबाची पारंपरिक भाषा अरामी आहे. आपला 'किताब'ही अरबी-फारसीमार्गे याच सेमिटिक (हिब्रू, अरामी, अरबी यांच्या भाषाकुळातल्या) धातूतून आला.

तीनऐवजी दोनच व्यंजनं हाती लागली, तर बहुधा एक गळलेलं असतं. 'मत्ताना' (भेट) मध्ये 'म' काढल्यावर 'त-न' दिसतात, पण धातू नून-ताव-नून (न-त-न), 'देणे'. पहिला नून पुढच्या ताव मध्ये मिसळला, म्हणून तर 'त्त' जोडाक्षर ऐकू येतं. धातुक्रमाच्या कोशात हा शब्द नूनखाली पाहा.

मग अरामी जोडीदार शोधा. काही ध्वनी ठरावीक रीतीने बदलतात: हिब्रू 'झाहाव' (सोनं), अरामी 'दहवा'; हिब्रू 'शोर' (बैल), अरामी 'तोरा'. हिब्रूत निश्चितता दाखवणारा (इंग्रजी 'the' सारखा) 'हा' शब्दाआधी लागतो, अरामीत त्याच कामाचा 'आ' शेवटी. इथेच मोठी चूक होते: हिब्रूत शेवटचा 'आ' स्त्रीलिंग दाखवतो, म्हणून 'मल्का' हिब्रूत राणी, अरामीत राजा! म्हणून अर्थ लावण्याआधी मजकूर कोणत्या भाषेतला, हे नक्की करा.