कथेतील संवाद विरामचिन्हांसह लिहायला मुलांना कसे शिकवावे

चौथी-पाचवीतील मूल गोष्ट सांगू लागले की त्यातली पात्रे वेगवेगळ्या आवाजांत बोलतात. मात्र तीच गोष्ट वहीत उतरते तेव्हा सगळे आवाज एकमेकांत मिसळून जातात. उदाहरणार्थ ही ओळ पाहावी: ‘आई म्हणाली इतका वेळ कुठे होतास मी म्हणालो शाळेत थांबलो होतो मग आई काहीच बोलली नाही’. अशा वेळी लाल शाईने चिन्हे भरून देण्याचा मोह शिक्षकांनी आणि पालकांनी आवरावा, कारण आयती मिळालेली चिन्हे मूल पुढच्या गोष्टीत पुन्हा विसरते.

पहिले काम कानाचे आहे. तीन मुलांना उभे करून एकाला आई, दुसऱ्याला मुलगा आणि तिसऱ्याला निवेदक करावे आणि प्रत्येकाने केवळ आपल्या वाट्याचे शब्द म्हणावेत असे सांगावे. ‘आई म्हणाली’ हे शब्द आई झालेले मूल बहुधा स्वतःच म्हणून टाकते. तेथेच थांबून विचारावे, की हे शब्द खरोखर आईच्या तोंडून निघाले का? ते निवेदकाचे आहेत हे मुलांना स्वतःहून उमगले, की निम्मे शिकवणे झाले. मग वहीत फक्त तोंडून निघालेले शब्द रंगीत पेन्सिलीने अधोरेखित करायला लावावेत. रेघ सुरू होते तेथे दुहेरी अवतरणचिन्ह उघडायचे आणि संपते तेथे मिटायचे. बोलणारा बदलला की नवी ओळ घ्यायची.

आई म्हणाली, “इतका वेळ कुठे होतास?”
मी म्हणालो, “शाळेत थांबलो होतो.”
मग आई काहीच बोलली नाही.

‘म्हणाली’नंतर स्वल्पविराम येतो आणि प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह किंवा पूर्णविराम ही बोलण्याचीच चिन्हे असल्यामुळे ती अवतरणाच्या आत राहतात. बोलणे आधी आले तर “मी निघते,” ताई म्हणाली, असे लिहावे. बोलण्याच्या मध्येच निवेदक आला, तर “थांब,” आजी म्हणाली, “दिवा लावते आणि मग गोष्ट सांगते.” अशी रचना होते, ती मुलांना अवघड जाते, म्हणून पहिल्या दोन प्रकारांवर हात बसल्यावरच ती घ्यावी.

मराठीत अवतरणचिन्हाला विशेष महत्त्व आहे आणि त्याचे कारण मुलांना अवश्य सांगावे. ‘ताई म्हणाली की मी उद्या जाईन’ या वाक्यात जाणार कोण, ताई की गोष्ट सांगणारा? आपल्याकडे ‘की’ जोडल्यावरही बोलणाऱ्याचे ‘मी’ बहुतेकदा तसेच राहते, त्यामुळे दोन्ही अर्थ निघू शकतात. ताई म्हणाली, “मी उद्या जाईन.” असे लिहिताच शंका उरत नाही. हे वाक्य फळ्यावर दोन्ही प्रकारे लिहून वर्गाला वाद घालू द्यावा; चिन्ह हा अर्थाचा भाग आहे हे अशा वादातून जितके ठसते तितके नियम पाठ करून ठसत नाही.

संबोधनाआधीच्या स्वल्पविरामाचेही तसेच आहे. “नको बाबा!” म्हणणारा केवळ धास्तावलेला असतो, तर “नको, बाबा.” म्हणणारा वडिलांशी बोलत असतो. दोन्ही वाक्ये मोठ्याने म्हणायला लावावीत. दुसऱ्या वाक्यात जीभ क्षणभर थांबते आणि ती थांबते तेथेच स्वल्पविराम असतो.

संवादाच्या भाषेबाबत मोठ्यांनी थोडे उदार व्हावे, असे माझे ठाम मत आहे. निवेदनात ‘असे केले’ लिहिणाऱ्या मुलाने आजीच्या तोंडी “असं का केलंस रे?” घातले, तर ती चूक समजून खोडू नये. पात्राच्या तोंडचे बोलणे उच्चाराप्रमाणे लिहिण्यास प्रचलित लेखननियमांतही वाव आहे. मालवणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या घरातले मूल आपली बोली अवतरणात आणत असेल, तर त्याचे कौतुकच करावे.

मोडी लिपीत विरामचिन्हे तर नव्हतीच, शब्दही सलग लिहिले जात. आजची चिन्हे इंग्रजीच्या संपर्कातून एकोणिसाव्या शतकात मराठीत रुळली आणि त्या कामात इंग्रज अधिकारी मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा होता. मोडीची एखादी ओळ दाखवली, तर चिन्हांवाचून वाचणाऱ्याला किती अंदाज बांधावे लागतात हे मुलांना डोळ्यांनी दिसते.

सरावासाठी रोज चार ओळी पुरेत. घरी आदल्या संध्याकाळी झालेले खरे बोलणे मुलाने आठवून लिहावे आणि दुसऱ्या मुलाने ते पहिल्यांदाच पाहून मोठ्याने वाचावे. वाचणारा जेथे अडखळेल किंवा चुकीच्या आवाजात वाचेल, तेथे कोणते चिन्ह राहिले हे लिहिणाऱ्यानेच शोधावे आणि स्वतःच्या पेन्सिलीने घालावे.