लॅपटॉपच्या एसएसडीवरील भार कमी करण्यासाठी फोटो बाहेरच्या ड्राइव्हवर कसे ठेवावेत

एसएसडी, म्हणजे फ्लॅश चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह, झिजते ती लिहिण्याने, साठवणुकीने नव्हे. तिच्यातील फ्लॅश पेशी ठरावीक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येतात, आणि नुसत्या वाचनाने त्यांचे फारसे बिघडत नाही. १ टीबी क्षमतेच्या अनेक एसएसडींना कंपन्या ६०० टीबी लेखनाची मर्यादा देतात. एका लग्नाचे ३,००० रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेले) फोटो प्रत्येकी ३० एमबीचे धरले, तर ९० जीबी होतात. म्हणजे ती मर्यादा गाठायला साडेसहा हजारांवर लग्ने लागतील, आणि तेवढी मुहूर्तांची यादी कोणत्याही छायाचित्रकाराकडे नसते. खरा भार पडतो तो ड्राइव्ह काठोकाठ भरल्यावर, कारण तेव्हा कंट्रोलरला (ड्राइव्हचा कारभार पाहणाऱ्या चिपला) मोकळे ब्लॉक मिळत नाहीत आणि थोडेसे नवे लिहिण्यासाठीही जुना डेटा वारंवार हलवावा लागतो. त्यात संपादनाच्या सॉफ्टवेअरचे प्रीव्ह्यू, कॅशे (तात्पुरत्या फाइली) आणि रॅम अपुरी पडल्यावर तिच्यातील डेटा ड्राइव्हवर उतरवण्याचे, म्हणजे स्वॅपचे, लेखन यांची भर पडते. एसएसडी बोर्डवरच सोल्डर केलेली असेल, तर ती एकटी बदलता येत नाही. अशा लॅपटॉपच्या मालकाने हे अधिक मनावर घ्यावे.

त्यामुळे कॅमेऱ्याच्या कार्डावरील फोटो आधी लॅपटॉपवर आणि सवडीने बाहेरच्या ड्राइव्हवर, ही सवय सोडावी, कारण तीत प्रत्येक फोटो आतल्या एसएसडीवर विनाकारण एकदा लिहिला जातो. कार्ड रीडर आणि ड्राइव्ह दोन्ही जोडून थेट ड्राइव्हवरच इम्पोर्ट करावे. जुने फोटो हलवताना मात्र, लाइटरूम क्लासिक हे फोटो संपादनाचे सॉफ्टवेअर वापरत असाल तर, फाइल एक्सप्लोररमधून फोल्डर ओढू नये. ते लाइटरूमच्या फोल्डर्स पॅनेलमधूनच हलवावे, नाहीतर कॅटलॉगला (कोणता फोटो कुठे आहे याची नोंद ठेवणाऱ्या लाइटरूमच्या फाइलला) फोटो सापडत नाहीत. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंटमधून ड्राइव्हला कायमचे अक्षर द्यावे, म्हणजे दुसऱ्या पोर्टला जोडल्यावर हाच गोंधळ होत नाही.

कॅटलॉग कुठे ठेवायचा, हे ड्राइव्हच्या जातीवर ठरते. बाहेरची ड्राइव्ह एसएसडी असेल आणि यूएसबी ३.२ जेन २ पोर्टला जोडली असेल, तर कॅटलॉगही तिथेच न्यावा, कारण प्रीव्ह्यू त्याच्याच शेजारी साठतात आणि तेही लेखन बाहेर जाते. कॅमेरा रॉ कॅशेची जागा प्रेफरन्सेसमधील परफॉर्मन्स टॅबमध्ये वेगळी बदलावी लागते. फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क असेल, तर कॅटलॉग लॅपटॉपवरच राहू द्यावा. काम रखडत करण्याइतकी काही एसएसडी मोलाची नाही.

विंडोज आणि मॅक दोन्हींवर काम असेल तर ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावी. एक्सफॅटला जर्नलिंग (बदल करण्याआधी त्यांची नोंद ठेवण्याची सोय) नाही, त्यामुळे लिहिणे चालू असताना केबल निसटली तर फोल्डर बिघडू शकतो. इजेक्ट केल्याशिवाय केबल काढू नये. मॅकच्या फोटोज ॲपची लायब्ररी हलवायची असल्यास एपीएफएस हे मॅकचे स्वतःचे फॉरमॅट घ्यावे, आणि टाइम मशीनची (मॅकच्या बॅकअपची) ड्राइव्ह त्यासाठी वापरू नये.

बाहेरची एक ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे. ती पडली की सगळेच गेले, आणि आता तर लॅपटॉपवरही प्रत नसते. म्हणून दुसऱ्या ड्राइव्हवर प्रत झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नये. वर्षानुवर्षे कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी हार्ड डिस्क बरी, कारण वीज न मिळता फार काळ पडून राहिलेल्या एसएसडीतील विद्युतभार हळूहळू गळतो. पावसाळ्यात ती सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावी.

या सगळ्याचा किती उपयोग झाला, ते मोजता येते. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, आणि मॅक किंवा लिनक्सवर स्मार्टसीटीएल, हे ड्राइव्ह तपासणारे सॉफ्टवेअर आजवर एकूण किती डेटा लिहिला गेला ते दाखवते. बदल करण्याआधी महिनाभरात हा आकडा किती वाढतो ते टिपून ठेवावे आणि बदलानंतरच्या महिन्याशी ताडून पाहावे. फरक नगण्य निघाला, तर दोष फोटोंचा नसून बहुधा स्वॅपचा आहे, आणि मग ड्राइव्हपेक्षा रॅमकडे पाहावे.