कुत्रा घाण वासात लोळून आला तर

आमचा मोती परवा नाग नदीच्या काठावर मेलेल्या मासोळीवर लोळून राहिला होता, घरी आला तर अख्ख्या अंगणात उभं राहवेना. शाम्पू दोनदा लावला, वास तसाच. मग अमेरिकेत स्कंक नावाच्या प्राण्याने घाण वासाचा फवारा मारलेल्या कुत्र्यासाठी वापरतात तो उपाय केला. आपल्याकडे स्कंक नाही पण सडक्या मांसाच्या वासातही तसेच गंधकाचे पदार्थ असतात, शाम्पू ते नुसतं झाकतो आणि हे त्यांचं रूपच बदलून टाकतं.

१ लिटर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, पाव कप खायचा सोडा, भांड्याचं लिक्विड १-२ चमचे. बाटलीवरची टक्केवारी वाचाच, मेडिकलमध्ये बरेचदा ६ टक्केवालं मिळते, तेव्हा अर्धा लिटर ते आणि अर्धा लिटर पाणी घ्या. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, फसफसलं की लगेच लावा. हातमोजे घाला. आधी अंग ओलं करू नका, कोरड्या केसांत मुळापर्यंत चोळा, कानामागे आणि पट्ट्याखाली जास्त, मोतीचा वास तिथंच अडकला होता. ५ मिनिटं ठेवा, चाटू देऊ नका, मग भरपूर पाण्यानं धुवा. डोळे, तोंड, जखम यांना लावायचं नाही, चेहरा ओल्या फडक्यानं पुसा. काळे केस थोडे भुरके होऊ शकतात.

उरलेलं नालीत ओता, बाटलीत झाकण लावून तर अजिबात ठेवू नका बाप्पा, आत गॅस होऊन बाटली फुटते. आणि त्यानं सडकं खाल्लंही असेल अन् उलट्या होत असतील तर आंघोळ राहू द्या, आधी जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.